श्रम, विस्मय आणि कला
(चेन्नई येथील व्याख्यानाचा मजकूर)



कला म्हणजे पोट भरल्यावरची करमणूक, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. कष्टकऱ्याने भाकरीची विवंचना करावी आणि सौंदर्याची उपासना फुरसत असलेल्यांनी करावी, असा तिचा मथितार्थ आहे. वरकरणी व्यवहारी वाटणारी ही समजूत एक जुनी फाळणी कायम ठेवते: हात एकाचे आणि कल्पना दुसऱ्याची. ही फाळणी किती खोटी आहे, हे चेन्नई शहरात उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१८६७) मधमाशी आणि वास्तुशिल्पी यांची तुलना केली आहे. मधमाशीचे काम कितीही सुबक असो, माणसाचे श्रम त्याहून वेगळे ठरतात ते त्यांच्या आधी मनात तयार झालेल्या आराखड्यामुळे, असा त्याचा मुद्दा आहे. म्हणजे कल्पना ही श्रमाबाहेरची चैन नव्हे. तो श्रमाचाच पहिला टप्पा होय.

एगमोर येथील शासकीय संग्रहालयातल्या चोलकालीन कांस्यमूर्ती या दृष्टीने पाहाव्यात. तिरुवालंगाडूच्या नटराजासमोर प्रेक्षक थक्क होऊन उभे राहतात. हा विस्मय कसा घडवला गेला? मूर्तिकार प्रथम मेणाची मूर्ती करी. तिच्यावर मऊ मातीचे लेप चढवून ते वाळवी. साचा तापवला की मेण वितळून बाहेर पडे आणि राहिलेल्या पोकळीत धातूचा रस ओतला जाई. शेवटी साचा फोडावा लागे. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघे आणि ओतकाम चुकले तर सारी मेहनत मातीमोल होई. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात ही रीत सांगितलेली आहे. ग्रंथावर राजाचे नाव राहिले. मूर्ती ओतणाऱ्यांची नावे बहुतेक नाहीशी झाली. भट्टीचा ताप, मातीचा कस आणि धातूचे प्रमाण ज्यांना उमगले होते, त्यांच्या बोटांत शास्त्र आणि कल्पना एकत्र नांदत होत्या. इतिहासाने मात्र त्यांची गणना केवळ हात म्हणून केली.

या अन्यायाला कलेच्याच भाषेत दिलेले एक उत्तर मरीना किनाऱ्यावर उभे आहे. देवीप्रसाद रायचौधुरी हे मद्रासच्या शासकीय कलाशाळेचे पहिले भारतीय प्राचार्य. त्यांचे 'श्रमाचा विजय' हे शिल्प १९५९ साली येथे बसवण्यात आले. चार कष्टकरी अंगातले सारे बळ एकवटून एक प्रचंड खडक हलवीत आहेत. पुतळ्यांच्या गर्दीत हे शिल्प वेगळे उठून दिसते, कारण येथे कोणी राजा नाही, सेनापती नाही, चौथऱ्यावर एकटा उभा राहिलेला पुढारीही नाही. नाव विजयाचे असले तरी शिल्पकाराने निवडला आहे तो जोर लावण्याचा क्षण. एकाने हात सैल सोडला तर उरलेल्या तिघांचे बळ अपुरे पडेल, हे पाहणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

याच किनाऱ्यावर, ट्रिप्लिकेनच्या बाजूला, सिंगारवेलर यांनी १ मे १९२३ रोजी मे दिनाची सभा घेतली होती. भारतातील पहिला मे दिन म्हणून तो ओळखला जातो. सभेत मांडलेल्या विचाराला ३६ वर्षांनी त्याच वाळूच्या काठी कांस्याचा देह मिळाला.

परंतु कष्टकऱ्याचा पुतळा उभारला म्हणजे कष्टकऱ्याच्या कलेला मान मिळाला, असे समजणे ही आत्मवंचना ठरेल. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, चेन्नईच्या सभागृहांत कर्नाटक संगीताचा मोठा उत्सव भरतो. परै हे चामड्याचे वाद्य आणि उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत वाढलेले 'गाना' गायन यांना मात्र त्या प्रतिष्ठेपासून दीर्घकाळ दूर ठेवण्यात आले. परै वाजवणे हे दलितांवर जातीने लादलेले काम; प्रेतयात्रेपुढे ते वाजवून घ्यायचे आणि वाजवणाऱ्याला अपवित्र ठरवायचे, अशी ही रीत. वाद्याचा नाद हवा, वादकाचा स्पर्श नको! महाराष्ट्रात हलगीच्या वाट्याला आलेले भोग याहून निराळे नाहीत.

या भिंतीला अलीकडे तडे जात आहेत. गायक टी. एम. कृष्णा आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये ऊरूर-ओल्कोट कुप्पम या मच्छीमार वस्तीत कलामहोत्सव सुरू केला. शास्त्रीय गायन तेथे वस्तीच्या दारी आले आणि लोककलांच्या शेजारी बसले. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह' या वाद्यवृंदाने 'गाना'लाच जातिविरोधी विचाराचे साधन केले. एका महोत्सवाने जात संपत नाही, हे खरे. तथापि ऐकणारा कोण आणि ऐकवणारा कोण, हे ठरवण्याची मक्तेदारी त्यातून मोडू लागते.

मराठी वाचकाला ही वाट अनोळखी नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून तमाशाचा बाज घेऊन कामगारांचे जगणे मंचावर आणले. गिरणीत राबलेल्या अण्णाभाऊंना कल्पनाशक्ती कोणी दान दिली नव्हती. ती वाटेगावच्या मातीतून आणि मुंबईच्या चाळीतून त्यांनी बरोबर आणली होती.

येथेच मे दिनाच्या मूळ मागणीचा खरा आशय ध्यानी येतो. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ तास आपल्या मर्जीचे, अशी ती मागणी होती. त्या शेवटच्या आठ तासांत गाणे रचले जाते, मूर्तीकडे पाहून प्रश्न पडतात आणि लेकराला समुद्र दाखवता येतो. आज कंत्राटी कामाने आणि लांबलेल्या पाळ्यांनी नेमके हेच तास गिळले जात आहेत. म्हणून वेतनाच्या मागणीपत्रात या तासांचा हिशेबही मांडला पाहिजे, आणि वस्तीत वाचनालय, तालमीची जागा व रंगमंच यांसाठी तितक्याच निकराने झगडले पाहिजे.