वीज की इलेक्ट्रॉनिक्स? : पदवीची शाखा निवडताना

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



ज्ञानदान हे आपल्या समाजाने नेहमीच पुण्यकर्म मानले. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ साली स्थापन झाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. सांगलीत १९४७ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज वालचंद यांच्या नावाने ओळखले जाते. आपल्या संस्थेचा सुवर्णमहोत्सवही याच परंपरेतला आहे. म्हणूनच विश्वस्तांनी सोपविलेल्या विषयावर मी आनंदाने चार शब्द बोलतो.

योगायोग असा, की त्याच १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्यानंतर विजेच्या विद्येची दोन घरे ठळकपणे वेगळी होत गेली. विद्युत अभियांत्रिकीत वीज ही शक्ती असते. ती जनित्रात निर्माण करायची, पारेषण वाहिन्यांतून दूर न्यायची, रोहित्राने तिचा दाब कमी-जास्त करायचा आणि मोटार फिरवायची. इलेक्ट्रॉनिक्समध्ये वीज प्रामुख्याने निरोप्या असते. मोजक्या व्होल्टवर ती आवाज, चित्र, आकडे आणि आज्ञा वाहून नेते.

ही दोन घरे शेजारची आहेत, हेही विसरू नये. शेतावरील सौरपंप पाहा. सूर्यप्रकाशापासून मिळते ती एकदिश वीज. ती प्रत्यावर्ती करून मोटारीला द्यावी लागते. मोटार विद्युतवाल्याची, मधला इन्व्हर्टर इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचा आणि पंप दोघांचा! चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत १९९९ मध्ये कार्यान्वित झालेली ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी सुमारे ७५० किलोमीटर वीज वाहून नेते. तिच्या दोन्ही टोकांना वीज पालटण्याचे काम अर्धवाहक उपकरणे करतात. एकाच वस्तूला अनेक बाजू असतात, हे अनेकान्ताचे तत्त्व आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे. ते येथेही उपयोगी पडते.

मग निवड कशी करावी? विद्यार्थ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न आवडीचा. बारावीच्या भौतिकशास्त्रात मोटार, रोहित्र, चुंबकीय क्षेत्र यांत मन रमले, की डायोड आणि तर्कद्वारे यांत? दुसरा प्रश्न गणिताचा. गणित चुकवावे म्हणून कोणी या दोहोंपैकी एक शाखा घेत असेल, तर त्याची निराशा होईल. कलनशास्त्र, संमिश्र संख्या आणि अवकल समीकरणे दोन्हीकडे अटळ आहेत. दळणवळणाच्या अभ्यासात संभाव्यताशास्त्राची भर पडते. तिसरा प्रश्न कामाच्या जागेचा. उपकेंद्र, कारखाना व उन्हातली पाहणी मानवेल, की प्रयोगशाळा आणि संगणकापुढची बैठक?

दोन्ही नावे जोडलेली पदवीही असते. तिचा आवाका मोठा, परंतु खोली ऐच्छिक विषयांवर ठरते. म्हणून माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर विसंबू नका. तिसऱ्या व चौथ्या वर्षाचे विषय वाचा. विद्युत यंत्रांची प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहा आणि यंत्रे चालू आहेत का, हे विचारा. ज्या नोकरीचे स्वप्न आहे, तिच्या जुन्या जाहिराती आधी वाचून ठेवा. कित्येक जाहिरातींत शाखेचे नाव नेमके दिलेले असते आणि चार वर्षांनंतर ते बदलता येत नाही.

दहावीनंतर पदविका घेतलेल्यांनीही खंत बाळगू नये. महाराष्ट्रात त्यांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट आहे. हाताला कामाची सवय झालेला विद्यार्थी पुष्कळदा पुढे सरस ठरतो. मात्र गणिताची उजळणी त्याने आधीच करावी.

आता पालकांना एक विनंती. ‘विजेचे काम मुलींचे नव्हे,’ हे वाक्य आपल्या घरांतून अजून ऐकू येते. मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून ए. ललिता विद्युत अभियंता झाल्या, त्या १९४० च्या दशकात. अठराव्या वर्षी वैधव्य आले होते, पदरी तान्ही मुलगी होती. वडिलांनी पाठबळ दिले आणि त्या शिकल्या. पुढे पारेषण वाहिन्यांच्या आराखड्यांचे काम त्यांनी केले. त्या काळी जे एका पित्याला सुचले, ते आज आपल्याला अवघड का वाटावे?

शेजारच्या मुलाला मिळालेला पगार पाहून आपल्या मुलाची शाखा ठरवू नका. शुल्कासाठी दागिने मोडले जातात, कर्ज काढले जाते. आणि शाखा मनाविरुद्ध असेल तर मुलगा दुसऱ्याच वर्षी मागे पडतो. ती नापसंती तो घरी सांगत नाही; लाजेने मनात ठेवतो. अर्ज भरण्यापूर्वीची एक संध्याकाळ त्याच्यासाठी राखून ठेवा आणि त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका.

मन न दुखावणे हीसुद्धा अहिंसाच आहे.