हृदयाभोवतीचे पाणी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या निमित्ताने मी आजवर दोन शब्द बोलत आलो. आजचा विषय निराळा आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक आहे. परंतु जे स्वतःच्या घरात पाहिले आणि मागाहून डॉक्टरांकडून समजून घेतले, ते आपणांस सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

आपले हृदय एका दुपदरी पिशवीत असते. तिला हृदयावरण म्हणतात. तिच्या दोन पदरांमध्ये 15 ते 50 मिलिलिटर द्रव वंगणासारखा असतो. काही रोगांत तो वाढू लागतो. पिशवी चिवट असल्याने एकाएकी ताणली जात नाही. मग साचलेले पाणी हृदयालाच दाबते. हृदयात रक्त भरण्यास जागा उरत नाही. आणि जे भरलेच नाही, ते शरीराला पोहोचणार कोठून? या अवस्थेस डॉक्टर ‘कार्डिॲक टॅम्पोनेड’ म्हणतात. द्रव भराभर साचला तर 150 ते 200 मिलिलिटरही प्राणावर बेततात. सावकाश साचला तर लिटरभरही मावतो. रक्तदाब उतरणे, मानेच्या शिरा फुगणे आणि हृदयाचे ठोके अस्पष्ट ऐकू येणे, ही तिची तीन लक्षणे क्लॉड बेक या अमेरिकन शल्यविशारदाने 1935 मध्ये सांगितली. छातीची जखम, कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार अशी तिची कारणे अनेक; परंतु आपल्या देशात क्षयरोग हे एक मोठे कारण आहे.

आता घरची गोष्ट सांगतो. माझ्या धाकट्या बंधूंच्या कन्येसाठी स्थळे पाहणे चालू होते. तिला सायंकाळी बारीक ताप येई, जिना चढताना धाप लागे, उताणे निजवत नसे. भावजय म्हणाली, “छातीचा फोटो काढू या.” त्यावर, “आताच नको. क्षय निघाला तर ज्ञातीत बोभाटा होईल,” हे शब्द माझे होते. ते मी आज लपवीत नाही.

एके रात्री मुलगी घामाने भिजली. हातपाय गार पडले, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. तशीच तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेली. इको नावाच्या तपासणीत हृदयाभोवतीचे पाणी स्पष्ट दिसले. डॉक्टरांनी छातीत सुई घालून पाऊण लिटर पाणी काढले. थोड्याच वेळात ती म्हणाली, “काका, आता श्वास येतो.” मला मान वर करवेना.

पुढे क्षयाचेच निदान झाले. सहा महिने नियमित औषध घेऊन ती बरी झाली. ज्या स्थळासाठी आम्ही गप्प बसलो, ते स्थळ गेलेच. आणि पुढे सर्व हकीकत सांगूनच तिचे लग्न झाले.

बंधुभगिनींनो, दोन आठवड्यांहून अधिक ताप वा खोकला राहिला तर तपासणी करा. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. ते मध्येच सोडू नका. धाप, घेरी आणि फुगलेल्या शिरा दिसल्या तर काढा नको, मनाने गोळी नको, सकाळची वाटही नको. थेट मोठे रुग्णालय गाठा. आणि स्थळ पाहताना बऱ्या झालेल्या मुलीच्या जुन्या आजाराचा बाऊ करू नका. आपण बोभाटा करतो, म्हणून घरे आजार लपवितात.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो.