विमाने पाहण्याचा छंद आणि लष्करी तळाचे कुंपण



आपल्या गावाच्या पश्चिमेस उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी कापून जो विमानतळ उभा राहिला, त्यावरून प्रवाशांची वाहतूक २५ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाली. परंतु त्या धावपट्टीला पहिले चाक लागले ते प्रवासी विमानाचे नव्हे. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे वायुसेनेचे सी-२९५ हे मालवाहू विमान उतरले, आणि त्याच समारंभात सुखोई-३० हे लढाऊ विमान धावपट्टीवरून अगदी खालून गर्जत गेले. तेव्हा पनवेलच्या गच्च्यांवर वही आणि दुर्बीण घेतलेली मुले यापुढे दिसू लागली, तर त्यात नवल नाही. त्यांना शाबासकी द्यावी की दटावावे, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

हा छंद बाहेरून पाहणाऱ्यास रिकामटेकडेपणाचा वाटतो. विमानाचा प्रकार ओळखायचा, अंगावरचा क्रमांक टिपायचा, वेळ लिहायची, झाले! पण त्यात नजरेला मोठे शिक्षण आहे. सी-२९५चे पंख पाठीवर बसवलेले असतात आणि त्यांवर दोन पंखे फिरतात. आपल्या सुखोईला शेपटीकडे दोन उभी सुकाणू-पाती, आणि मुख्य पंखांच्या पुढे, वैमानिकाच्या बैठकीमागे, चिमुकल्या पंखांची आणखी एक जोडी असते. ती दिसली की ओळख पटली. ही विमाने नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधली गेली, हे कळल्यावर मुलाला नाशिकचा नकाशा निराळाच दिसू लागतो.

गंमत अशी की, ही विद्या लोकांना शिकवली ती सरकारांनीच. १९४० साली जर्मन विमाने ब्रिटनवर चालून आली, तेव्हा तेथील रडारची तोंडे समुद्राकडे होती. विमान किनारा ओलांडून आत आले की त्याचा माग काढायचा तो माणसाच्या डोळ्यांनी. हजारो सामान्य नागरिक, त्यांत दुकानदार आणि शिक्षकही होते, शेताच्या कडेला चौक्या करून दुर्बिणीने आकाश पाहत आणि दूरध्वनीवरून वर्दी देत. विमानांच्या काळ्या छायाकृती छापलेल्या पुस्तिका लोक घोकत असत. युद्ध संपले, चौक्या ओस पडल्या. सवय मात्र राहिली. आणि मग त्याच सवयीचा सरकारांना संशय येऊ लागला.

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ग्रूम लेक नावाचा एक तळ आहे. १९५५ साली यू-२ या टेहळणी विमानाच्या चाचण्या तेथे झाल्या. हौशी लोक जवळच्या डोंगरकड्यावर चढून तो पाहत. १९९५ मध्ये सरकारने तो कडाच ताब्यात घेतला. पाहणारे हटले नाहीत, सुमारे ४० किलोमीटरवरच्या दुसऱ्या शिखरावर गेले! त्या तळाचे नाव गुप्तचर खात्याच्या कागदांतून खुलेपणी बाहेर आले ते २०१३ मध्ये. जे डोंगरावरून दिसत होते ते कागदावर मात्र नव्हते.

याहून बोधप्रद प्रकरण ग्रीसचे. नोव्हेंबर २००१ मध्ये १२ ब्रिटिश आणि २ डच छांदिष्ट कलामाता येथील हवाई तळावर, लोकांसाठी तो खुला ठेवला होता त्या दिवशी, गेले आणि हेरगिरीच्या आरोपावरून पकडले गेले. पुरावा काय, तर क्रमांकांनी भरलेल्या वह्या. केवळ आनंदासाठी माणूस विमानांचे आकडे लिहितो, हे न्यायालयाच्या गळी उतरेना. कित्येक आठवडे ही मंडळी कोठडीत होती. एप्रिल २००२ मध्ये आठांना ३ वर्षांची, इतरांना १ वर्षाची तहकूब शिक्षा झाली. नोव्हेंबरात अपिलात सर्व निर्दोष सुटले. आमच्याकडे माणूस मालगाडीचे डबे मोजीत फाटकापाशी उभा राहतो, त्यास कोणी हेर म्हणत नाही. पण विमान म्हटले की भुवया वर चढतात. दिल्लीलाही २०१० मध्ये विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमाने टिपणारे दोन ब्रिटिश पकडले गेले होते. दंड भरून, दोनेक महिन्यांनी, ते सुटले.

आता आपला कायदा काय म्हणतो? १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा निषिद्ध स्थळाच्या जवळपास असणे किंवा त्याचा नकाशा काढणे हा गुन्हा मानतो, पण राष्ट्राच्या सुरक्षिततेस बाधक असा हेतू असेल तर. लष्करी बाबतीत शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. खरी मेख पुढे आहे. तो हेतू आरोपीच्या वागणुकीवरून आणि परिस्थितीवरूनही धरता येतो. मुलाच्या मनात काय होते हे मुलालाच ठाऊक. पोलिसाला दिसते ते कुंपणाशी उभे असलेले पोर आणि त्याच्या हातातला कॅमेरा.

म्हणून आमचे मत असे. लोहगावसारख्या लष्करी तळाच्या भिंतीजवळ या छंदाने जाऊ नये, आणि युद्धाचे दिवस असतील तर मुळीच नको. कोणते विमान किती वाजता कोठे गेले हे दूरध्वनीवरून साऱ्या जगाला कळवणे वेगळे आणि स्वतःच्या वहीत ठेवणे वेगळे. ते ब्रिटिश निरीक्षकसुद्धा वर्दी आपल्याच केंद्राला देत, चावडीवर नव्हे. परंतु आपल्या घराच्या गच्चीवरून प्रवासी विमान पाहणाऱ्या मुलाला दटावण्याचे काहीच कारण नाही. पोलिसांनाही हा छंद म्हणजे काय हे एकदा समजावून सांगायला हवे. ते काम मुलांकडून होणार नाही, आपणा वडीलधाऱ्यांनाच करावे लागेल.

पनवेलहून पाहायचे तर जागा शोधावी लागत नाही. धावपट्टीचे आकडे ०८ आणि २६ आहेत, म्हणजे उत्तरेपासून मोजून सुमारे ८० आणि २६० अंश. पट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते. त्यामुळे नैर्ऋत्येचा वारा सुटला की पावसाळाभर विमाने साधारणतः पूर्वेकडून, आपल्या बाजूने, खाली येणार. मात्र ढग उतरले म्हणजे नुसता आवाज येईल. त्या ब्रिटिश चौक्यांवरही ढगाळ रात्री कानांवरच भागवीत असत.