तबकडीचे मुखपृष्ठ

चित्रपटाच्या तबकडीचा व्यास १२० मिलिमीटर आणि मध्यभागी १५ मिलिमीटरचे छिद्र. कोरलड्रॉमध्ये आरेखन करणाऱ्याने प्रथम ही दोन समकेंद्री वर्तुळे आखावीत. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) चित्रपटातील विष्णुपंत पागनीसांची मुद्रा मधोमध ठेवली, तर छिद्र तुकोबांच्या कपाळावरच पडेल! म्हणून मुद्रा एका बाजूस असावी.

अक्षरांचे वक्ररेषांत रूपांतर करूनच आरेखन छपाईस द्यावे. अन्यथा मुद्रणालयात तो मराठी टंक नसल्यास जोडाक्षरे विस्कटतात. तबकड्या आता मागे पडल्या, तरी मोडनिंबच्या लग्नपत्रिकेलाही हा नियम लागू आहेच. छापलेली प्रत पुन्हा कोरी होत नाही. यास्तव कागदी नमुना कापून, तबकडीवर ठेवून, आधी डोळ्यांनी पारखावा.