एका फुलपाखराची तीन नावे
(पावसाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

कढीपत्त्याचे झाड परसात नाही तर गॅलरीतल्या कुंडीत बहुतेक घरी असते. फोडणीसाठी पाने खुडताना एखाद्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखा काळपट-पांढरा डाग दिसला, तर तो झटकू नये. जरा वेळ पाहिले की तो डाग हलतो, पान कुरतडू लागतो. पुढे कात टाकत टाकत तो हिरवागार होतो आणि डिवचला तर डोक्यामागून लाल, दुबेळके शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतो. ही ‘कॉमन मॉर्मन’ फुलपाखराची अळी. लिंबू आणि बेलाच्या झाडावरही ती वाढते.

खरी गंमत कोष फुटल्यावर. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र तीन रूपांत येते. एक थेट नरासारखी, दुसरी ‘कॉमन रोझ’सारखी, तिसरी ‘क्रिमझन रोझ’सारखी. या दोन्ही रोझ फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात, वेलीतले विष त्यांच्या अंगात मुरते आणि पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या मादीत ते विष नाही. ती नुसत्या रूपावर जीव वाचवते. पंख पाहून फसायला होते, म्हणून धड पाहावे. रोझचे धड लाल असते, मॉर्मनच्या मादीचे काळे.

या फुलपाखरांना शास्त्रीय नावे देणाऱ्या कार्ल लिनियससमोर हे जिवंत नाट्य नव्हते. दूरदेशांहून आलेले, टाचणीला टोचलेले नमुने होते. 1758 साली त्याच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती निघाली, प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ आज तिथूनच धरतात. फुलपाखरांना त्याने ट्रॉयच्या युद्धकथेतली नावे सढळ हाताने वाटली. हेक्टर आणि पॉलिटीस हे दोघे राजा प्रायमचे मुलगे. मॉर्मनच्या नराला त्याने पॅमॉन म्हटले, मादीच्या एका रूपाला पॉलिटीस. पुढे डच अभ्यासक पीटर क्रॅमरने तिसऱ्या रूपाला रोम्युलस हे नाव दिले. एकाच जातीची अशी तीन नावे झाली! 1865 मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने आपल्या निबंधात ही वेगवेगळी रूपे एकाच जातीच्या माद्यांची आहेत, हे मांडले. आज ग्राह्य नाव पॅपिलिओ पॉलिटीस. हे रूपांतर घडते कसे, याचा धागा 2014 साली कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकात सापडला.

ऋतूनेही अशीच फसगत केली आहे. ‘पीकॉक पॅन्सी’ पावसाळ्यात पाहावी: पंखांच्या कडा गोलसर, खालच्या बाजूला ठसठशीत डोळे. उन्हाळ्यातल्या पिढीत त्याच कडा टोकदार होतात, खालची बाजू वाळक्या पानासारखी तपकिरी आणि डोळे जवळजवळ पुसलेले. हिरवळीत पक्ष्याची चोच डोळ्याच्या ठिपक्याकडे वळली तर पंखाच्या कडेवर निभावते. पाचोळ्यात मात्र दिसू नये हेच बरे. लिनियसने या दोन पेहरावांना अल्माना आणि ॲस्टेरी अशी दोन नावे दिली होती. जात एकच निघाली, आणि जुनोनिया अल्माना हे नाव टिकले.

नावाच्या शेवटचा कंसही नीट वाचावा. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेल्या ‘ब्लू मॉर्मन’चे नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर क्रॅमर, 1775 असे लिहितात. क्रिमझन रोझचे लिहितात पॅक्लिओप्टा हेक्टर (लिनियस, 1758). नाव देणारा कंसात गेला की समजावे, त्याने ज्या प्रजातीत ही जात घातली होती तिथून ती नंतर हलवली गेली. वरवर हा कारकुनी तपशील वाटतो, पण ज्ञान कसे दुरुस्त होत आले त्याची नोंद या कंसात आहे.

नाव म्हणजे त्या वेळेपुरता काढलेला निष्कर्ष. अंडे, अळी, झाड आणि ऋतू पाहिल्यावाचून तो पक्का होत नाही. म्हणून फोटो काढल्या काढल्या नावासाठी घाई करू नये. पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू टिपाव्यात. तारीख, ठिकाण आणि फुलपाखरू ज्या झाडावर बसले किंवा अंडी घालत होते ते झाड लिहून ठेवावे. कढीपत्त्यावर फवारणी करू नये. चार पाने अळीला गेली तरी आमटीला पुरेशी उरतात.