पुण्यास शिकावयास निघण्यापूर्वीं



बारावीचा निकाल लागला कीं माझ्या घरचा ओटा पुढचे दोन महिने रिकामा राहत नाहीं. मी मूळचा दौंडचा. नोकरीचीं वर्षें पुण्याच्या कॉलेजांत शिकविण्यांत गेलीं. आणि बहीण दिली आहे ती शिरूरास. तेव्हां भीमेकांठचे पालक दौंडास येऊन मला गांठतात आणि घोडनदीकडचे बहिणीच्या घरीं. मुलाला किंवा मुलीला बरोबर आणलेलें असतें, आणि खुर्चीवर टेकतांच पहिला प्रश्न येतो, "सर, कोणतें कॉलेज चांगलें?"

या प्रश्नाचें उत्तर देणाऱ्या माणसांचा आपल्याकडे तुटवडा नाहीं. जाहिराती आहेत, शिकवणीचे वर्ग आहेत, शिवाय प्रत्येकाचा एखादा पुतण्या कोठें ना कोठें शिकून गेलेला असतोच. मी मात्र उलट विचारतों, "मूल रोज ये-जा करणार, कीं पुण्यास राहणार?" हें ऐकतांच बाप आईकडे पाहतो आणि मूल जमिनीकडे. पैसा, वेळ, मुलीची काळजी, घरच्या कामाला एक हात कमी होण्याची धास्ती, हें सारें या एका प्रश्नांत गुंतलेलें असतें, आणि नेमका तोच प्रश्न प्रवेश झाल्यानंतरच्या आठवड्यांत घाईघाईनें सोडविला जातो. आज मी मुख्यतः त्याच्याविषयींच बोलणार आहें.

प्रथम दौंडकरांची गोष्ट घेऊं. १८५८ सालीं लोहमार्ग पुण्याहून पुढें दिकसालपर्यंत गेला, तेव्हांपासून या बाजूस आगगाडीचें सुख आहे. पाटस, कडेठाण, केडगांव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर हीं मधलीं स्टेशनें येथल्या मुलांना पाढ्यांसारखीं पाठ असतात. अंतर पाऊणशें किलोमीटरांचें. गाडीनें सुमारें दीड तास. रेल्वेचा एक नियम पुष्कळांस ठाऊक नसतो तो येथेंच सांगून ठेवतों. घर आणि शिक्षणसंस्था यांमधील प्रवासासाठीं मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य मिळतो. त्याकरितां कॉलेजकडून सवलतीचा दाखला घ्यावा लागतो, आणि हा दाखला मागितल्यावांचून बहुधा कोणी आपण होऊन हातीं ठेवीत नाहीं.

पास फुकट मिळाला म्हणजे प्रवास फुकट झाला असें मात्र समजूं नये. घरापासून स्टेशन, गाडीची वाट, गाडी, पुणें स्टेशनापासून कॉलेज, आणि तेंच सारें परतीच्या वेळीं. दिवसाचे साडेचार तास सहज जातात. कॉलेजचे दोनशें दिवस धरले तर वर्षाचे नऊशें तास होतात. रोज आठ तास अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचे हे एकशें बारा दिवस झाले! गाडींत वाचतां येतें, असें कोणी म्हणेल. येतें, परंतु जो दौंडास चढतो त्याला. यवतास चढणाऱ्याच्या हातांत पुस्तक नसतें, वरची कडी असते.

मीं स्वतः दोन वर्षें अशी ये-जा केली. यवतास एक मित्र चढे. गणितांत तो माझ्याहून पुष्कळ पुढें होता. मला बसावयास जागा मिळे आणि तो माझ्या डोक्यावर उभा राहून माझ्याच वहींतलीं उदाहरणें सोडवी. दुसऱ्या वर्षीं प्रयोगशाळेचे तास दुपारनंतर लागले. सोयीची गाडी चुकूं लागली, घरीं म्हशींची धार त्याच्याकडे होती, वडील चिडूं लागले. दिवाळीनंतर तो आला नाहीं. त्याच्या घरची परिस्थिति त्याला पुण्यास ठेवण्याइतकी खचित होती. पण 'राहतोस कां?' हें त्याला कोणीं विचारलें नव्हतें आणि त्यानेंही तें कधीं काढलें नाहीं.

शिरूरचें गणित याहून निराळें आहे. तेथें रेल्वे नाहीं. नगर रस्त्यानें पुणें पासष्ट-सत्तर किलोमीटर, आणि वाटेंत रांजणगांवचे कारखाने, शिक्रापूरचा चौक, कोरेगांव भीमा, लोणीकंद, वाघोली. गाडीची वेळ निदान वेळापत्रकांत लिहिलेली असते. या रस्त्यावर आज किती वेळ लागेल तें वाघोलीस पोंचल्यावर समजतें. एस. टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धें तिकीट आहे, ही सोय मोठीच. परंतु अर्ध्या तिकिटांत अर्धा वेळ लागत नाहीं.

गेल्या खेपेस न्हावऱ्याकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. तिला संख्याशास्त्र घेऊन बी. एस्सी. करावयाचें होतें आणि गुणही तसे होते. वडिलांचें म्हणणें एकच: "रोज जाऊन-येऊन करील तर शिकवितों. परक्या गांवीं ठेवणार नाहीं." गृहस्थ तापट नव्हते, कंजूष तर नव्हतेच. मीं विचारलें, "संध्याकाळीं ती फाट्यावर किती वाजतां उतरेल?" त्यांनीं हिशेब केला: साडेसात. हिवाळ्यांत तोंवर काळोख पडलेला. फाट्यापासून वस्ती दोन किलोमीटर, आणि दोन्ही बाजूंस ऊंस. शिरूर तालुक्यांत ऊंसाच्या कडेनें काळोखांत चालणें म्हणजे काय तें तेथल्या माणसाला सांगावें लागत नाहीं. बिबट्याच्या भीतीनें मोठीं माणसेंही घोळक्यानें जातात. "मग मी रोज आणायला जाईन," ते म्हणाले. "आणि रात्रपाळीची वीज असेल, पाण्याची पाळी असेल, त्या दिवशीं?" ते बोलले नाहींत. मुलगी मात्र इतक्या वेळानें पहिल्यांदा वर पाहूं लागली. परगांवीं राहणें धोक्याचें आणि ये-जा करणें सुरक्षित, ही आपली समजूत घड्याळ समोर ठेवून तपासली तर पुष्कळदां उलटी निघते.

येथें एक दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर मी पुण्याचा दलाल ठरेन. साधी बी. ए. किंवा बी. कॉम. करावयाची असेल तर शिरूरास सी. टी. बोरा महाविद्यालय आहे, दौंडास के. जी. कटारिया महाविद्यालय आहे. दोन्हीं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशींच संलग्न. पदवीच्या कागदावर नांव त्याच विद्यापीठाचें येतें, मग मूल पुण्यांत शिको वा घोडनदीस. हें विद्यापीठ १९४९ सालीं निघालें आणि २०१४ सालीं त्यास सावित्रीबाईंचें नांव मिळालें. जो विषय घराजवळ नीट मिळतो, त्यासाठीं केवळ पुण्याच्या हौसेनें नऊशें तास किंवा खोलीचें भाडें खर्चणें मला पटत नाहीं.

राहण्याचें ठरलें, तर कोठें? कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज बहुतेक ठिकाणीं प्रवेशाच्या अर्जाहून निराळा असतो, आणि त्याची मुदत आधीं संपते. दरवर्षीं चार-दोन मुलें प्रवेशाचे पेढे वाटीत असतां ही मुदत घालवितात. शासनाच्या निरनिराळ्या खात्यांचीं वसतिगृहें आहेत. तेथें जागा न मिळाल्यास अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेची मदत आहे, आणि इतर कांहींना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाचा वसतिगृह निर्वाह भत्ता. अच्युतराव आपट्यांनीं १९५५ सालीं सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिति खेड्यांतून येणाऱ्या मुलामुलींसाठींच आहे. तेथें स्वतःचीं कामें स्वतः करावीं लागतात, याची कोणास लाज वाटूं नये. कर्मवीर भाऊरावांनीं साताऱ्यास रुजविलेली 'कमवा आणि शिका' पद्धत आपल्या विद्यापीठानें त्यांच्याच नांवानें चालविली आहे. तिची चौकशी पहिल्या आठवड्यांत करावी, पैसे संपल्यावर नव्हे.

यांतलें कांहींच न जमलें तर खाजगी खोली, ज्याला आतां सारे 'कॉट बेसिस' म्हणतात. खोली पाहावयास बापानें एकट्यानें जाऊं नये. राहणाऱ्यानें जावें, आणि संध्याकाळीं जावें. पाणी किती वाजतां येतें, रात्रीं दिवा किती वाजेपर्यंत चालतो, अनामत रक्कम परत केव्हां, सोडावयाची सूचना किती दिवस आधीं, हें विचारून पावती घ्यावी. खानावळींत खाडे धरतात कीं नाहीं तें आधींच ठरवावें. शनिवार-रविवारीं घरीं जाणाऱ्या मुलाचे महिन्याकांठीं आठ दिवस खाड्याचे होतात. ते धरले नाहींत तर तें जेवण दुसराच कोणी जेवतो.

पैशाविषयीं एकच सांगतों, कारण बाकीचें प्रत्येकाला आपापलें कळतें. ऊंसाचा हंगाम सुरू होतो दिवाळीच्या सुमारास, आणि कॉलेजचें शुल्क मागतात पावसाळ्यांत, जेव्हां शेतकऱ्याचा हात सर्वांत रिकामा असतो. पुष्कळ कॉलेजांत अर्ज केल्यास हप्ते करून देतात. सावकाराकडे जाण्यापूर्वीं हा अर्ज करून पाहावा. २०२४-२५ पासून शासनानें इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींना, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, केंद्रीय प्रवेश पद्धतीनें मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें आहे. राहण्या-जेवण्याचा खर्च त्यांत येत नाहीं. 'आतां मुलींचें सगळें फुकट' असें ऐकून आलेले पालक माझ्याकडे बसलेले मीं पाहिले आहेत, म्हणून हें स्पष्ट सांगतों.

दाखले काढण्याचें काम निकालानंतर करूं नये. जात वैधतेस महिने लागतात. अकरावींतच अर्ज द्यावा. उत्पन्नाचा, रहिवासाचा, नॉन-क्रिमीलेयरचा, प्रत्येक दाखल्याची मुदत पाहावी. आणि आधार कार्ड, गुणपत्रिका व बँकेचें पुस्तक या तिहींवर नांव अक्षरशः एकच आहे ना तें ताडून पाहावें. माझ्या ओळखीच्या एका मुलाची शिष्यवृत्ति वडिलांच्या नांवांतल्या एका वेलांटीपायीं वर्षभर अडली होती. मूळ प्रमाणपत्रें कोणत्याही कॉलेजनें अडवून ठेवूं नयेत असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. दाखवावीं, पडताळून झालीं कीं परत घ्यावीं.

आतां मुलांनीं मला बाजूला घेऊन विचारलेला प्रश्न. हा ते बापासमोर विचारीत नाहींत. "सर, तेथें सगळें इंग्रजींत असेल. मला नाहीं समजलें तर?" पहिले कांहीं आठवडे समजणार नाहीं, हें मी त्यांना सरळ सांगतों. शहरांतल्या मुलांनाही पुष्कळसें समजत नाहीं. त्यांना न समजतां मान हलविण्याची संवय असते इतकेंच. तास संपल्यावर प्राध्यापकांना वर्गाबाहेर गांठून मराठींत विचारावें. तीस वर्षांत मराठींत विचारलें म्हणून मीं कोणाला परत पाठविलें नाहीं, आणि माझ्या सहकाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं पाठविलेलें मला आठवत नाहीं. विषयाचे शंभरभर शब्द एका वहींत अर्थासह लिहून काढले म्हणजे सहामाहीपर्यंत धुकें विरतें. आणि कोणी नवा म्हणून छळूं लागला तर तें सोसूं नये. महाराष्ट्रांत रॅगिंगविरुद्ध १९९९ सालापासून कायदा आहे.

पुण्यांतल्या श्रोत्यांना एक विनंती करावीशी वाटते. याच शहरांत पूर्वीं माधुकरी मागून आणि वार लावून मुलें शिकलीं. १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें तें त्याच काळांत. आतां वार नाहींत, आणि ते परत यावेत असें मी म्हणणार नाहीं. ताटावर बसलेल्या मुलाला रोज उपकार गिळावा लागे. परंतु आपल्या वरच्या मजल्यावरच्या खोलींत यवताचा किंवा न्हावऱ्याचा कोणी राहत असेल, तर त्याला पहिल्या महिन्यांत एवढें सांगावें कीं तापबीप आला तर दार ठोठाव.

न्हावऱ्याच्या त्या मुलीला वसतिगृहांत जागा मिळाली. निघण्याच्या आदल्या दिवशीं दोघें बहिणीकडे येऊन गेलीं. मुलीनें गाद्या, बादली, वह्या यांची यादी वाचून दाखविली. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं पिशवींतून एक नवें पितळी कुलूप काढलें. "सर, कपाटाला कुलूप आपलें लागतें ना?"

"लागतें," मीं म्हटलें. "आणि दुसरी किल्ली तुम्ही घरीं ठेवा."