हाडांची ठेव
(युवतींच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी वैद्य नाही. कलाशाखेचे शिक्षण आणि पत्रकारितेतील काही दशके एवढीच माझी शिदोरी. तरीही आज हाडांविषयी बोलायचे आहे, कारण हा विषय केवळ दवाखान्याचा नाही. तो स्वयंपाकघराचा आणि अंगणाचाही आहे.

घरातील आजी वाकू लागते, न्हाणीघरात घसरते, खुब्याचे हाड मोडते. मंडळी म्हणतात, 'वयच झाले.' परंतु त्यामागे पुष्कळदा ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे अस्थींची विरलता असते. हाड आतून विरळ होत जाते, पण दुखत नाही. पहिली सूचना मिळते ती बहुधा अस्थिभंगानेच. मनगट, मणके आणि खुबा ही त्याची नेहमीची ठिकाणे.

मग हे विशीतील मुलींना का सांगायचे? कारण हाड सतत झिजते आणि सतत नव्याने बांधले जाते. वाढत्या वयात बांधणी अधिक, झीज कमी. या ठेवीचा फार मोठा वाटा अठराव्या-विसाव्या वर्षापर्यंत जमा होतो आणि तिशीच्या सुमारास ती पूर्ण होते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. जिने तारुण्यात भरपूर साठवले, तिला हा खर्च सोसतो.

ही ठेव तीन गोष्टींनी वाढते : अन्न, ऊन आणि श्रम.

प्रथम अन्न. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. पेलाभर दुधातून सुमारे २४०, तर १०० ग्रॅम नाचणीतून साधारण ३५० मिलिग्रॅम मिळते. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला हेही आपल्याच घरातले. प्रश्न पदार्थांचा नाही, वाटपाचा आहे. दुधाचा पेला आधी मुलाला आणि उरलेच तर मुलीला, ही रीत अजून किती घरांत आहे, हे आपणच तपासावे. सडपातळ दिसण्यासाठी उपाशी राहणाऱ्या मुलींनीही ध्यानात घ्यावे, की अति उपासाने पाळी बंद पडते आणि त्याची किंमत हाडे मोजतात.

दुसरे ऊन. ड जीवनसत्त्वाविना कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि ते त्वचेत उन्हानेच तयार होते. कोवळ्या उन्हापेक्षा दहा-अकरानंतरचे ऊन यासाठी अधिक उपयुक्त. खिडकीच्या काचेतून आलेले निरुपयोगी. दुचाकीवर नखशिखान्त झाकून फिरणाऱ्या मुलींनी निदान सुटीच्या दिवशी सोसेल तेवढे ऊन हातापायांवर घ्यावे.

तिसरे श्रम. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच मांडले, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण होते. अंतराळात भार नाहीसा होतो, तेव्हा अंतराळवीरांच्या खुब्याची घनता महिन्याला एक टक्का वा अधिक घटू शकते. म्हणूनच अंतराळ स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायामासाठी राखलेले असतात. २०२४-२५ मध्ये २८६ दिवस अंतराळात राहिलेल्या सुनीता विल्यम्स यांनाही हा नेम चुकला नाही. आपल्याला तर गुरुत्वाकर्षण फुकट लाभले आहे! सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या, खो-खो, जिने चढणे, सारे उपयोगाचे. मंगळागौरीच्या फुगड्या आणि झिम्मा वर्षातून एका रात्रीपुरतेच का असावेत?

आणि एक काम घरी जाऊन करा. आईची पाळी थांबली असेल, उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल किंवा साध्या धक्क्याने हाड मोडले असेल, तर डॉक्टरांना विचारून तिची डेक्सा ही हाडांच्या घनतेची चाचणी करून घ्या. आई सांगेल, 'मला काही होत नाही.' तिचे हे म्हणणे मात्र मुळीच ऐकू नका.